काटा उसाला, मग पिल्लाला का नाही?



या पानावर आम्ही दरवेळी लागणीचे, खोडव्याचे आणि खताच्या हप्त्यांचे बोलतो. या वेळी विषय कुत्र्याच्या पिल्लाचा आहे. शेतकी खात्याला हा नसता उद्योग कोणी सांगितला, असे काही सभासद म्हणतील. म्हणोत. हा विषय शोधायला आम्ही कुठे गेलो नव्हतो, तो गट ऑफिसच्या दारात आपल्या पायांनी आला. ऊसनोंदीचे काम उरकले, चहा झाला, की एखादा सभासद हळूच विचारतो, “सायेब, पिल्लाला लई गोचिडी झाल्यात. हुमणीचं औषध चालंल का?” असे विचारणारा सभासद शहाणाच म्हणायचा. न विचारता डबा उघडणारेही पुष्कळ आहेत. हा लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पिल्लाच्या जंतांचा आणि गोचिडींचा बंदोबस्त घरच्या घरी करता येतो, आणि करावाही. त्यासाठी दरवेळी तालुक्याला धाव घ्यायला नको. परंतु घरात जे सापडेल ते पिल्लाला लावणे याला घरचा उपचार म्हणत नाहीत. योग्य औषध, वजन करून, तारीख धरून, घरच्या माणसाने स्वतः द्यायचे, याला घरचा उपचार म्हणतात. यातली एक जरी गोष्ट गाळली तरी उपचाराचा प्रयोग होतो, आणि तो प्रयोग पिल्लावर सुरू होऊन पोरांपर्यंत पोचतो.

वजनाचेच घ्या. उसाच्या खेपेत चार-दोन क्विंटलचा फरक वाटला तर आपण काटा तपासा म्हणतो, वार्षिक सभेत उभे राहून विचारतो. विचारावेच, तो सभासदाचा हक्क आहे. तोच सभासद घरी दीड किलोच्या पिल्लाला औषध देताना म्हणतो, “टाक की अर्धं झाकण, काय हुतंय.” टनाच्या मालाला किलोचा हिशेब आणि किलोच्या जिवाला नुसता डोळ्यांचा अंदाज, हे गणित उलटे झाले. खेपेतली चूक पुढच्या बिलात दुरुस्त होते. पिल्लाच्या पोटात गेलेला जादा मिली परत काढता येत नाही.

वस्तीवर काय चालते

आमचे कर्मचारी बारा महिने वस्त्या-वाड्यांवर हिंडतात. त्यांनी पाहिलेले उपाय थोडक्यात सांगतो. गोचिडीवर रॉकेल चोळतात. लूत लागली की ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासतात. पिसवांवर तंबाखूचे पाणी, जंतावर लसणाची पाकळी. कुणाच्या माळ्यावर अजून गॅमेक्सिनच्या नावाने पांढऱ्या पावडरचे पुडके असते, ते पिल्लाच्या अंगावर झटकतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे उसासाठी आणलेले कीटकनाशक बादलीत कालवून त्यात पिल्लू बुचकळतात.

यातल्या एकेकाचा हिशेब करू. रॉकेलने पिल्लाची कातडी भाजते, आणि ते चाटले की फुफ्फुसात उतरण्याची भीती. जळके ऑइल अंगातून आणि चाटण्यातून पोटात जाते. तंबाखूतले निकोटिन हे स्वतःच जहर आहे. लसूण-कांदा माणसाला चालतो, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र त्याने फुटतात, आणि जंत जागेवरच राहतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली तर नुकसान नाही, पण एवढ्याने चिकटलेली गोचीड मरत नाही.

कीटकनाशकांबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. ज्याला आपण वर्षानुवर्षे थिमेट म्हणत आलो ते फोरेट, आणि घराघरांत ढेकणा-माशांवर वापरले गेलेले डायक्लोरव्हॉस, ही दोन्ही औषधे आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. बीएचसी पावडर तर १९९७ सालीच बंद झाली. सरकारने पिकासाठीसुद्धा नको ठरवलेली वस्तू दूध पिणाऱ्या पिल्लाच्या अंगाला लावायची, हे कोणत्या हिशेबात बसते? औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो तो आपण ओळखतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. काही सभासद म्हणतात, “हिरव्या त्रिकोणाचं आहे, सौम्य असतंय.” ते सौम्यपण पिकावर फवारणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठरवलेले आहे. अंग चाटून साफ करणाऱ्या दीड किलोच्या जिवाचा तिथे विचारच नाही. शेतीच्या डब्यावरचा कोणताही त्रिकोण पिल्लासाठी नाही.

आमच्या हद्दीतल्या एका वस्तीवरची हकीकत नाव-गाव न घेता सांगतो. पाचटाच्या ढिगात कुत्री व्याली होती, तीन पिल्ले होती. गोचिडी फार म्हणून घरच्या कर्त्या माणसाने वाळवीसाठी आणलेले क्लोरपायरीफॉस बादलीत ओतले. पिल्ले धरायला नऊ वर्षांचा मुलगा, उघड्या हातांनी. तासाभरात पिल्लांच्या तोंडाला लाळ सुटली, अंग थरथरू लागले, मागचे पाय लुळे पडले. रात्रीपर्यंत दोन मेली. मुलाला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी थांबेना. त्याला रात्रीच तालुक्याच्या दवाखान्यात नेले, दोन दिवस ठेवले, आणि तो सुखरूप घरी आला. आमचे गटप्रमुख भेटायला गेले तेव्हा बापाने मान वर केली नाही. “गोचिडी मेल्या हो सायेब,” एवढेच तो म्हणाला.

तो माणूस निष्काळजी नव्हता. पिल्लांचा त्याला कळवळा होता म्हणूनच त्याने औषध केले. पण योग्य वस्तू हातात नव्हती आणि चुकीची वस्तू कोनाड्यात होती. अशी कोनाडी घरोघर आहेत.

जंत येतात कुठून

पुष्कळांचा समज असा, की पिल्लू माती खाते, घाण खाते, म्हणून त्याला जंत होतात. तेही खरे, पण अर्धेच. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. कुत्रीच्या अंगात या जंतांच्या अळ्या झोपलेल्या असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात शिरतात. उरलेल्या दुधातून येतात. रक्त पिणारा अंकुशकृमीही दुधातून येतो. म्हणजे डोळे न उघडलेले, मातीला तोंडही न लावलेले पिल्लू जंत घेऊनच जन्माला आलेले असते. “आमचं पिल्लू घरात असतंय, त्याला कुठले जंत?” हा प्रश्न म्हणूनच फोल आहे.

पोट नगाऱ्यासारखे, बरगड्या मोजून घ्याव्या अशा, केस राठ, दूध पिऊनही अंग धरत नाही, कधी ओकारीत शेवयांसारखे जंत पडतात, ही गोल जंतांची खूण. हिरड्या पांढऱ्या पडल्या, शेण काळपट-तांबूस झाले, तर अंकुशकृमीचा संशय. शेपटीखाली तांदळाच्या कण्या चिकटल्यासारखे दिसले तर तो पट्टकृमी. तिन्हींचे औषध एक नाही, हे लक्षात ठेवावे.

पंधरवडा धरा

आता तारखेचे सांगतो, आणि तारीख सभासदाला सोपी जावी अशीच आहे. कारखान्याचा हिशेब पंधरवड्याचा. पिल्लाच्या जंताचाही पंधरवड्याचाच. जन्मल्यापासून दुसऱ्या आठवड्याला पहिला डोस, चौथ्याला दुसरा, सहाव्याला तिसरा, आठव्याला चौथा. पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. त्यानंतर जन्मभर तीन महिन्यांनी एकदा. पिल्ले पीत असतील तोवर त्यांच्याबरोबर आईलाही द्यायचे. दूध पाजणाऱ्या कुत्रीला कोणते औषध चालते, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून लिहून घ्यावे.

“एकदा दिलं की झालं, परत परत कशाला?” असे विचारतात. एका खुरपणीत तण जाते का? औषध मारते ते आतड्यातले जंत. त्याच वेळी काही अळ्या यकृतातून, फुफ्फुसातून प्रवास करीत असतात. त्यांना औषध गाठत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांनी आतड्यात उतरतात, मोठ्या होतात आणि अंडी घालू लागतात. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी टाकते. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की त्याच्या शेणातून अंडी पडू लागतात, म्हणून पहिला डोस दुसऱ्याच आठवड्याला. दीड-दोन महिन्यांनी, लस द्यायला नेऊ तेव्हा बघू, म्हणून थांबले तर तोवर अंगणभर पेरणी झालेली असते.

औषध कोणते? पिल्लांसाठी पातळ औषध मिळते, त्यात पायरँटेल आणि फेबँटेल ही दोन द्रव्ये असतात. नेहमीच्या प्रमाणात एका मिलीत १४.४ मिलिग्रॅम पायरँटेल पामोएट व १५ मिलिग्रॅम फेबँटेल असते, आणि मात्रा किलोला १ मिली. कंपनी बदलली की प्रमाण बदलू शकते, म्हणून बाटलीवरची ओळ वाचल्याशिवाय मोजायचे नाही. सुई काढलेल्या नळीने गालाच्या आत थोडे थोडे सोडावे. मान वर करून घशात ओतू नये, ठसका लागून औषध फुफ्फुसात जाते. मोठ्या कुत्र्याची गोळी वेगळी. तिच्यात साधारणपणे ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ मिलिग्रॅम पायरँटेल पामोएट व १५० मिलिग्रॅम फेबँटेल असते, आणि ती १० किलो वजनाला एक असते. पट्टकृमी मरतो तो यातल्या प्राझिक्वांटेलने. ती गोळी मोडून लहान पिल्लाला चारण्याचा उद्योग करू नये. महिन्याच्या आतल्या पिल्लाला प्राझिक्वांटेल देतच नाहीत.

वजन करायला मोठे साधन लागत नाही. ताणकाट्याला पिशवी अडकवून पिल्लू आत ठेवावे, पिशवीचे वजन वजा करावे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर आणखी चांगले. दर डोसाला नवे वजन करायचे, कारण पंधरा दिवसांत पिल्लू पुष्कळ वाढते. तारीख, वजन आणि मात्रा कॅलेंडरवर लिहून ठेवायची. उसाची नोंद ठेवणाऱ्या माणसाला ही नोंद जड नाही.

दोन गैरवापर

हल्ली दोन गोष्टी फार दिसतात, त्यांबद्दल सावध करतो.

पहिली, मुलांची जंताची गोळी. दरवर्षी १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोल देतात. २०१५ पासून चाललेला हा कार्यक्रम चांगला आहे, आणि मुलांना ती गोळी जरूर द्यावी. पण उरलेली गोळी पिल्लाला द्यायची नाही. ती ४०० मिलिग्रॅमची असते. दोन किलोच्या पिल्लाला दिली तर किलोला २०० मिलिग्रॅम झाले. कुत्र्यात हे औषध हाडातल्या मगजावर, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेवरच घाव घालू शकते.

दुसरी, गाई-म्हशींसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन. एक टक्क्याच्या बाटलीत मिलीला १० मिलिग्रॅम औषध असते, आणि गाईला ५० किलोस १ मिली देतात. त्याच प्रमाणाने दोन किलोच्या पिल्लाच्या वाट्याला एका मिलीचा पंचविसावा भाग येतो. साध्या नळीवर तेवढी रेघसुद्धा नसते. मग माणूस अंदाजाने अर्धा मिली ओढतो. अर्धा मिली म्हणजे २५ किलोच्या वासराचा डोस. लहान पिल्लाच्या मेंदूचे कवच अजून पक्के झालेले नसते, त्यामुळे औषध तिथे पोचते. पिल्लू झुलते, आंधळ्यासारखे करते, निपचित पडते. कोली जातीच्या आणि तिचे रक्त असलेल्या संकरित कुत्र्यांना तर थोडी मात्राही सोसत नाही. हा हिशेब आम्ही इंजेक्शन द्यावे म्हणून सांगितलेला नाही. घरी ते देण्याजोगे का नाही हे कळावे म्हणून सांगितला आहे.

गोचीड भिंतीत असते

हुमणीचे आपण काय करतो? पहिल्या वळवानंतर कडुनिंबावर-बाभळीवरचे भुंगेरे झटकून गोळा करतो, आणि अळीला मुळाशी गाठतो. एकाच ठिकाणी फवारून हुमणी जात नाही हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कुत्र्याची गोचीड तशीच. ती रक्त पिऊन अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांध्यात, छपराच्या वळचणीला जाऊन कात टाकते, आणि पुन्हा चढते. आयुष्याचे तीन टप्पे, तीनदा चढणे, तीनदा उतरणे. पोट भरलेली मादी भेगेत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे पिल्लाच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, घरात लपलेल्या फार. पिसवांचेही तेच. त्यांची अंडी व अळ्या गोणपाटात, धुळीत असतात. अशा वेळी पिल्लालाच जहराने धुऊन काय मिळणार? आठ दिवसांत भिंतीतल्या नव्या चढतात.

म्हणून काम दोन ठिकाणी करायचे. पिल्लाच्या अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, हातात रबरी मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून. ती बोटाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावी. काडी पेटवून चटका देणे, रॉकेल लावणे बंद करावे. पिसवांसाठी कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि उवा काढायची बारीक फणी. फणी पिल्लासाठी वेगळी ठेवावी. आंघोळ उन्हात, आणि लगेच अंग कोरडे करावे, कारण लहान पिल्लू गारठ्याने पटकन दगावते. घराच्या बाजूने, भिंतीच्या भेगा मातीने-सिमेंटने लिंपाव्या, पिल्लाचे गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे, कानाकोपरा झाडून केर जाळावा. हे महिना-दोन महिने सातत्याने केले तर फरक दिसतो.

आठ आठवड्यांच्या पुढच्या आणि ठराविक वजनाच्या पिल्लांसाठी आता गोचिडीवर तोंडाने द्यायच्या चांगल्या गोळ्या आल्या आहेत. त्या डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिल्या तरच आणाव्या. जनावरांच्या गोचिडीवरचे अमिट्राझचे तीव्र द्रावण चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लावायचे नसते. घरात मांजर असेल तर आणखी एक काळजी. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला प्राणघातक आहे.

हा प्रश्न पिल्लापुरता नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. काही सभासद म्हणतील, “आमच्या आज्याच्या काळात कुठं हुती ही औषधं? कुत्री जगलीच की.” जगली, पण एका वितातली किती? सहा व्हायची आणि एखादे उरायचे. जे उरले ते आपल्या लक्षात राहिले, पाच कुठे गेली हे कोणी मोजले नाही. आणि वस्तीवरची पोरे आजारी का पडली, याचा तर तिकडे कोणी धागाच जोडला नाही.

तो धागा असा आहे. पिल्लाच्या शेणातून पडलेली गोल जंताची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांत पक्व होतात आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अंगणात रांगणारे मूल मातीचे हात तोंडात घालते. ती अळी माणसाच्या पोटात जंत होत नाही, ती अंगात भटकते. यकृतात जाते, फुफ्फुसात जाते, आणि कधी डोळ्यात जाते. डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि तांबड्या, वळवळत्या, खाजऱ्या रेघा उठवते. मेंढ्या-शेळ्या कापल्यावर कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकतात, त्यातून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी लागतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात-फुफ्फुसात पाण्याच्या गाठी धरतात, आणि पुष्कळदा त्या शस्त्रक्रिया करूनच काढाव्या लागतात.

यावरचा उपाय फुकटचा आहे. ताज्या शेणातली गोल जंताची अंडी लगेच बाधत नाहीत, पक्व व्हायला त्यांना पंधरवडा लागतो. म्हणून पिल्लाचे शेण रोजच्या रोज खोऱ्याने उचलले आणि विहिरीपासून, भाजीच्या वाफ्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरले, तर साखळी तिथेच तुटते. ते उकिरड्यावर टाकू नये, तेच खत पुढे मेथी-कोथिंबिरीला जाते. मुलांनी पिल्लाशी जरूर खेळावे, खेळून झाल्यावर साबणाने हात धुवावे. कच्ची आतडी कुत्र्यापुढे टाकू नयेत.

खर्चाचे म्हणाल तर पातळ औषधाची बाटली एकट्या घराने घ्यायची गरज नाही. एका वितात पाच-सहा पिल्ले, शेजारच्या वस्तीवर आणखी चार. बाटली मिळून घ्यावी, मात्र फोडल्यावर ती किती दिवस चालते ते वाचावे. मिळून पाणी घेतो, मिळून कारखाना चालवतो, एक बाटली मिळून घेता येणार नाही काय?

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दलही बोललेच पाहिजे. टोळी आली की कोप्यांभोवती कुत्री येतात, पिल्ले होतात, आणि त्यातच टोळीची लेकरे मातीत खेळतात. “ती आपली कुत्री न्हवंत” म्हणून भागणार नाही. पिल्लाला शीव-बांध कळत नाही आणि जंताच्या अंड्याला गट नंबर नसतो. आमचे मत असे, की प्रत्येक गट ऑफिसात एक ताणकाटा पिल्लांसाठी राखून ठेवावा, डोसाच्या तारखांचा तक्ता भिंतीवर लावावा, आणि जनावरांची तपासणी शिबिरे होतात तिथे शेवटचा अर्धा तास वस्तीवरच्या आणि कोप्यांवरच्या पिल्लांना द्यावा. ही सूचना आम्ही संचालक मंडळापुढे ठेवणार आहोत. सभासदांनी पाठिंबा दिला तर ती लवकर मार्गी लागेल.

घरचा उपचार कुठे थांबवावा

घरच्या उपचाराला शीव आहे, तीही सांगून ठेवतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, पिल्लू उठेना, दूध सोडले, झटके आले, तर घरी वेळ घालवू नये. जंतांनी पोट गच्च भरलेल्या अशक्त पिल्लाला पहिला डोससुद्धा डॉक्टरांच्या देखत द्यावा, कारण एकदम मेलेले जंत आतड्यात गुंता करून बसतात. ओकाऱ्या आणि रक्ताची घाण वासाची हगवण असेल तर तो बहुधा पार्व्हो असतो. त्यावर जंताचे औषध पाजत बसले की दिवस वाया जातो आणि पिल्लूही. पिल्लाच्या पोटात किंवा अंगावर कीटकनाशक गेले असेल तर दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये. हातात मोजे घालून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टर उतारा ठरवतात. जंतांचे वेळापत्रक पाळलेच आहे तर सहा-आठ आठवड्यांपासूनच्या लसी आणि तीन महिन्यांची रेबीजची लसही चुकवू नये.

शेवटी एकच विनंती. हा अंक वाचून झाला की माळ्यावरचे आणि कोनाड्यातले डबे खाली काढा. बंद झालेले, लेबल गेलेले जे काही असेल ते ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नका, जाळू नका. मुला-जनावरांच्या हाताला लागणार नाही असे कुलपात ठेवा आणि त्याचे काय करायचे ते कृषी कार्यालयात विचारा. चालू औषधांनाही कुलूप घाला. मग दारातले पिल्लू काट्याला लावा आणि आजची तारीख कॅलेंडरवर लिहा. राखणीला पिल्लू आपणच ठेवले आहे. ते मोठे होऊन आपल्या उसाची, घरादाराची राखण करील. तोवर त्याची राखण आपल्याकडे आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते